जुन्या व्हेस्टमध्ये खिसे नव्हे, खांदे तपासा

जुना बहुखिशांचा व्हेस्ट, म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट, तासाभरात मानेला ओढतो, अशी तक्रार असते. मूळचा हा कपडा गळाने मासे धरणाऱ्यांचा. अमेरिकेत मासेमार ली वुल्फ यांनी तो १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केला. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, म्हणून लांबी आखूड आणि खिसे छातीवर. पुढे छायाचित्रकारांनी तो उचलला, लांबी वाढली, लेन्ससाठी खाली फुगीर खिसे आले आणि वजन पोटाशी लोंबू लागलं. म्हणून जड लेन्स दोन्ही बाजूंना सारख्या वाटा, बॅटऱ्या आणि पाणी पाठीच्या खिशात घाला. खांद्याची पट्टी ८ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर तो व्हेस्ट घेऊच नका, कितीही देखणा असो.

खिसा फाटतो तो वरच्या कोपऱ्यात, कारण सगळा ताण तिथल्या दोनचार टाक्यांवर येतो. आतून कॅनव्हासचा तुकडा लावून ८ मिलिमीटरची दाट झिगझॅग शिलाई मारा. अडकणाऱ्या पितळी चेनवर मेण घासा. तेल नको, त्याचा डाग सुती कापडातून सहज निघत नाही. गरम पाण्यात तर मुळीच धुऊ नका. कापड आटतं, चेनची पॉलिस्टर पट्टी आटत नाही आणि पुढची कड कायमची लाटांसारखी वळते.