कॉलेजला चारचाकी न्यावी का? आपापले अनुभव लिहा

शेजारच्या मुलीला पणजीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे आणि घरातली जुनी गाडी तिच्या हाती द्यावी की कदंब बसचा पास काढून द्यावा, यावर त्यांच्याकडे खल चालू आहे. तो ऐकताना साखळीला आमच्या घरी झालेला असाच वाद आठवला. गाडी दारात उभी असूनही बाबांनी मला बसनेच पाठवले, कारण पणजीत ती लावणार कुठे, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्याकडे काय ठरले, ते अवश्य लिहावे.

डिचोलीकर:
बाबांचा प्रश्न रास्तच होता, पण त्याचे उत्तर महाविद्यालय कुठे आहे यावर अवलंबून असते. मी विद्यापीठात होतो आणि ताळगावच्या पठारावर गाडी लावायला जागा शोधत फिरावे लागत नसे. प्रयोगशाळेतून उशिरा सुटल्यावर बसचा भरवसा नसल्यामुळे वाटेवरच्या मित्रांनाही बरोबर घेत असे. पेट्रोलचे पैसे वाटून घ्यायचे ठरले होते; एक जण मात्र दर वेळी पुढच्या महिन्याचा वायदा करी. तो येथे नियमित वाचतो, म्हणून नाव लिहीत नाही.

म्हापशाची मानसी:
माझा वाद स्कूटर की गाडी असा होता. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना मनाई असल्याने नदीच्या जुन्या पुलावरून जावे लागे, आणि आषाढातला तिरपा पाऊस तेथे असा झोडपायचा की रेनकोटाच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या जर्नलच्याही कडा भिजून शाई पसरायची. अखेर जून ते सप्टेंबर गाडी आणि पुढे स्कूटर, असा तह आईशी झाला. माझ्या मते गोव्यात याहून शहाणा तोडगा नाही.

वाळपईची आई:
सोयीआधी वय पाहावे. बारावी झालेल्या कित्येक मुलांना अठरावे वर्ष पूर्ण झालेले नसते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या चिरंजीवांना हे वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी मुकाट्याने बसचा पास काढला.

डिचोलीकर:
ताई, त्या मुलीकडे परवाना तरी आहे का?

धागाकर्ती:
वय झाले आहे, पण परवाना अजून शिकाऊच आहे.

डिचोलीकर:
मग पक्का परवाना मिळेपर्यंत शेजारी परवानाधारक बसवावाच लागेल. तिचे वडील रोज वर्ग सुटेपर्यंत पणजीत थांबायला तयार आहेत का, एवढे विचारून घ्या.

धागाकर्ती:
विचारले. उद्या पास काढायला जाणार आहेत.