संग्रहासाठी कागदीच, पण सगळं नाही
ई-पुस्तक एकदा घेतलं की जागा न अडवता कायमचं आपलं, असं काही जण म्हणतात. जागेचं मान्य, ‘कायमचं’ मात्र मला पटत नाही. बहुतेक ठिकाणी आपण पुस्तक विकत घेतच नाही, ते वाचण्याचा परवाना घेतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली ती गेलीच.

म्हणून कविता, चित्रांची पुस्तकं आणि पेन्सिलीने खुणा करत पुन्हा पुन्हा वाचायचं ते सगळं मी कागदावरच घेतो. ते कुणाला वाचायला देता येतं, पुढच्या पिढीसाठी ठेवता येतं. एकदाच वाचायच्या कादंबऱ्या खुशाल ई-रूपात घ्याव्यात. जाडजूड संदर्भग्रंथही, त्यात एखादं नाव हुडकायचं तर स्क्रीनवरच्या शोधाला तोड नाही. आणि नजर अधू झालेल्यांना अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, ही सोय कुणी कमी लेखू नये.

ई-पुस्तक घेताना डीआरएम (नक्कल करण्यावर बंधन घालणारं डिजिटल कुलूप) नसलेली ईपब (ई-पुस्तकांचा एक प्रचलित प्रकार) फाइल मिळते का ते आधी बघा, आणि मिळाली तर तिची एक प्रत स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवा.