त्शोपो प्रांत: 'तेरित्वार'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील त्शोपो प्रांतावर टिपण लिहिताना दोन ठिकाणी अडलो आहे. या प्रांतात बाफवासेंडे, बानालिया, बासोको, इसांगी, ओपाला, उबुंडू आणि याहुमा असे सात 'तेरित्वार' (प्रांताखालचे प्रशासकीय विभाग) आहेत. त्यांना जिल्हे म्हणावे का? आणि राजधानी किसांगानी त्यांपैकी कोणत्या तेरित्वारात धरावी?

उत्तर १
'जिल्हा' कृपया टाळावा. २०१५ मध्ये ओरिएंताल प्रांताचे त्शोपो, बा-उएले, ओ-उएले आणि इतुरी असे चार प्रांत झाले. त्यापूर्वी त्शोपो स्वतःच एक जिल्हा होता, त्यामुळे जुना नकाशा हाती असलेल्या वाचकाचा हमखास गोंधळ होईल. मी 'तेरित्वार' हाच शब्द ठेवीन. त्याचा प्रशासक वरून नेमला जातो आणि राज्यघटनेने स्वायत्तता दिली आहे ती तेरित्वारला नव्हे, तर त्याच्या पोटातील सेक्टर व शेफरी या घटकांना. शेफरीचा प्रमुख रूढीने ठरतो, तर सेक्टरमध्ये निरनिराळे पारंपरिक समाज एकत्र आणलेले असतात. हा भेद अवश्य लिहावा. तो गाळला तर कारभाराचे चित्रच चुकते.
किसांगानी कोणत्याच तेरित्वारात येत नाही. ते सहा कम्यूनचे (शहराच्या प्रशासकीय भागांचे) स्वतंत्र शहर आहे.

उत्तर २
त्या सहांपैकी लुबुंगा ही एकच कम्यून काँगो नदीच्या डाव्या तीरावर आहे, आणि उबुंडूकडे जाणारा सुमारे १२५ किलोमीटरचा लोहमार्ग तेथूनच निघतो. उबुंडू ते किसांगानी या टप्प्यात बोयोमाचे सात धबधबे असल्यामुळे नावा पुढे जाऊ शकत नाहीत. त्यांना वळसा घालण्यासाठीच हा मार्ग बांधला गेला. धबधब्यांच्या वर नदीला लुआलाबा म्हणतात, खाली ती काँगो होते आणि तेथून किंशासापर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर जलवाहतूक चालते. शहरालगतच्या धबधब्यात वागेनिया कोळी खडकांत जाड लाकडी खांब रोवतात आणि त्यांना वेलींनी बांधलेल्या मोठ्या शंकूसारख्या टोपल्या खळाळत्या पाण्यात सोडतात. प्रांताचा भूगोल सांगताना नदीपासूनच आरंभ करावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. उबुंडू विषुववृत्ताच्या दक्षिणेस आणि किसांगानी उत्तरेस आहे, म्हणजे हा लोहमार्ग विषुववृत्त ओलांडतो. हे लिहावे ना?

उत्तर २
अवश्य लिहावे. सोबत १९६६ पर्यंत शहराचे नाव स्टॅन्लीव्हिल होते, हेही नोंदवावे. जुन्या नकाशांवर तेच नाव सापडते.