पोरगी सिंगल्सच खेळणार म्हणते, बेंगळुरूला पाठवावं काय?

टिळकवाडीचा_बाप:
नमस्कार मंडळी, बेळगावातनं विचारूलालोय. मुलगी १४ ची आहे, आठ वर्षाची असल्यापासून बॅडमिंटन. जिल्ह्यात तिच्या वयात आता तिला हरवणारं कोण उरलं नाही, खरं स्टेटला गेलो की दुसऱ्या राउंडला पॅकअप. कोच म्हणतात हिला इथं रोज जिंकून जिंकून सवय बिघडायलीय, बेंगळुरूच्या अकॅडमीत टाका. बायको म्हणते दहावी होऊदे. आमची आई म्हणते पुण्यात मावशी आहे, सगळे मराठी बोलतात, तिकडं का नको. मला एवढंच कळत नाही की ह्या सिंगल्सवाल्या पोरांचं पुढं होतं काय? टीव्हीवर दिसतात ते चार-पाच सोडा, बाकीचे कुठं जातात? डबल्स खेळ म्हटलं तर म्हणते "बाबा, चूक झाली तर ती माझीच असूदे की". ह्यावर काय बोलणार सांगा.

निपाणीचा_बॅकहँड:
तिचं ते वाक्य भारी आहे राव, सिंगल्सवालीच आहे ती. मी युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलो, २२ व्या वर्षी डावा गुडघा गेला आणि संपलं. दोष माझाच, शाळेत असताना सिमेंटच्या कोर्टवर साध्या बुटांनी तासन् तास लंजेस (पाय लांब टाकून गुडघ्यावर वाकणं) मारले, त्यामुळं पहिलं काम म्हणजे ती कशावर खेळते ते बघा, लाकडी फ्लोअर आणि वर मॅट नसेल तर बेंगळुरू-पुण्याचं नंतर बघू.

आता पुढं काय होतं ते. १९ नंतर सिनियरमध्ये गेलं की इंटरनॅशनल सिरीज, चॅलेंज, मग सुपर १००, ३००, ५००, ७५०, १००० अशी लहान ते मोठ्या टूर्नामेंटची शिडी आहे. रँकिंगला मागच्या ५२ आठवड्यातल्या सगळ्यात चांगल्या १० टूर्नामेंट धरतात, म्हणजे घोटा मुरगळून तीन महिने घरी बसलात की जुने पॉइंट गळत जातात, नवीन येत नाहीत, आणि रँकिंग पडलं की मोठ्या टूर्नामेंटच्या मुख्य ड्रॉमध्ये (खेळाडूंच्या यादीत) नाव लागत नाही, परत क्वालिफाइंगपासून, म्हणजे आधीच्या पात्रता मॅचपासून सुरू. खालच्या टूर्नामेंटला पहिल्या राउंडला हरलं तर तिकीट-हॉटेल सगळं घरचं. डबल्सवाल्यांची खोली तरी अर्धी-अर्धी होते, सिंगल्सला तेपण नाही 😄 बाकीचे कुठं जातात म्हणाल तर रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, इन्कम टॅक्स, नाहीतर कोचिंग. गोपीचंदसुद्धा इंडियन ऑइलमध्ये होता की.

शहापूरचे_आप्पा:
एवढं घाबरवू नका त्या माणसाला. आमच्या शेजारच्या सांगलीचे नंदू नाटेकर, १९५६ ला क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकले, परदेशात जिंकणारे पहिले भारतीय, १९६१ ला पहिल्यांदा अर्जुन पुरस्कार दिले त्यात बॅडमिंटनचं नाव त्यांचंच. प्रकाश पदुकोण मल्लेश्वरमच्या मंगल कार्यालयात शिकला, लग्न असलं की प्रॅक्टिस बंद! आणि १९८० ला ऑल इंग्लंड ह्या मानाच्या स्पर्धेच्या फायनलला इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला १५-३, १५-१० नं हरवलं. कुठली अकॅडमी आणि कुठलं काय.

निपाणीचा_बॅकहँड:
आप्पा, मान्य, खरं तोच प्रकाश ऑल इंग्लंड जिंकल्यावर डेन्मार्कला जाऊन राहिला. का? रोज सरावाला तोडीस तोड खेळणारे पार्टनर तिथं होते म्हणून. आयुष शेट्टी बघा, कार्कळकडचा, आपल्यासारखाच कोपऱ्यातला, बेंगळुरूला आला आणि २०२५ ला यूएस ओपन मारला. बाहेर न पडता झालेलं उदाहरण मला तरी आठवत नाही.

खानापूरची_आई:
माझा मुलगा दोन वर्षं बेंगळुरूला आहे म्हणून लिहिते. भाऊ, पुण्याचं म्हणाल तर खेळायचं कर्नाटकाकडूनच ना, मग मावशीकडं राहून प्रत्येक स्टेट टूर्नामेंटला उलटं बेंगळुरू-मंगळुरू धावावं लागेल. भाषेची काळजी करू नका, हॉस्टेलात सगळी पोरं मोडकं हिंदी बोलतात, आमचा आता कन्नडमध्ये भांडतोपण.

खर्च विचाराल तर फीपेक्षा शटलचा धाक जास्त. एका बॅरलमध्ये १२ येतात, आणि जोरात खेळणारी दोघं असली की तासात निम्मी पिसं कोर्टवर. शटल लवकर तुटतात म्हणून हा आदल्या रात्री केटलीच्या वाफेवर बॅरल धरून बसतो, पिसं मऊ राहावीत म्हणून, मी बघितलं तेव्हा वाटलं चहा करतोय.

शाळा सोडू नका एवढं मात्र ऐका. नागपूरची मालविका बनसोड इंजिनिअरिंग शिकत शिकत खेळली आणि जानेवारी २०२२ ला दिल्लीत सायनाला हरवलं. आणि घाईपण नको, प्रणॉयला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ मिळालं ते ३१ व्या वर्षी, २०२३ ला.

अवघड काय माहितीये? जिंकला की फोन येतो, हरला की नुसता "ओके" मेसेज. मग मीपण "जेवलास काय" एवढंच टाइप करते. सुट्टीत एक महिना पाठवून बघा, तिथं आठवडाभर रोज हरल्यावर ती काय करते ते बघा, मग बायकोशी बोला.

टिळकवाडीचा_बाप:
सगळ्यांना थँक्स. वैनी, तुमचं वाचून काल मुद्दाम कोर्टवर जाऊन बसलो. १७ वर्षाच्या एका पोराशी खेळायली होती, २१-९ नं हरली. स्कूटरवर मागं एकदम गप्प. दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी यायची होती म्हणून थांबलो, तर मागनं म्हणते, "बाबा, त्याचा क्रॉस ड्रॉप, तो नेटजवळ तिरका टाकतो तो हळू शॉट, मला दिसतच नव्हता, मनगट शेवटाला फिरवतोय तो. उद्या परत त्याच्याशीच लावा."

एप्रिलला महिनाभर पाठवतोय. चन्नम्मा एक्स्प्रेसचं जायचं तिकीट दोघांचं काढलोय, यायचं सध्या माझं एकट्याचं. बायकोला अजून सांगितलं नाही.