गृहकर्ज मुदतीआधी फेडलंत का? तुमचे अनुभव लिहा

निळी_शाई

काल कपाट आवरताना तळाशी हप्त्यांचा तक्ता सापडला. बँकेने कर्ज देताना छापून दिलेला, दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद. २० वर्षांचं कर्ज, २४० ओळी. हप्ता, त्यातलं व्याज, त्यातली मुद्दल, बाकी. आवरणं राहिलं बाजूला, तिथेच फरशीवर बसून वाचत बसले.

भरलेल्या प्रत्येक हप्त्यावर नवऱ्याने लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारलीय. मधेमधे एकदम चार-पाच ओळींवर उभा काट. तो काट म्हणजे जादा भरलेले पैसे. व्याज ८.५ टक्के, दर ठरलेला, आणि जादा भरायला दंड नव्हता हे नशीब. पहिल्या वर्षी एका हप्त्याएवढी जादा रक्कम भरली की बाकी पाच ओळी खाली सरकायची! कारण तेव्हा हप्त्यातला पाचवा हिस्साही मुद्दलात जात नसतो. दहाव्या वर्षी तेवढेच पैसे भरले तर जेमतेम दोन ओळी. म्हणून सुरुवातीचे काट लांब आणि पुढचे आखूड होत गेलेत. नुसता कागद लांब धरून पाहिला तरी कळतं, कोणत्या वर्षी आम्ही कपडेसुद्धा घेतले नव्हते.

शेवटच्या दीड पानावर एकच मोठी फुली. ती मात्र माझ्या हातची. त्यावरून चार दिवस अबोला होता, ते नंतर कधीतरी.

११ वर्षांत मोकळे झालो. तुम्ही कुणी असं लवकर फेडलंत का? कसं, आणि फेडल्यावर काय वाटलं? फसलेले अनुभवही चालतील.

खवचट_खार

पहिला नंबर माझा. आमची १७ वर्षं बाकी आहेत, त्यामुळे जळत जळत वाचतोय.

आडवाटे

छान धागा. मला कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं. माझीही २० वर्षं, ८.५ टक्केच. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले आणि मोठ्या तोऱ्यात बाकी काढायला गेलो. समजूत अशी की पाव मुदत झाली, पाव कर्ज गेलं असणार. शंभरातले ८८ शिल्लक! खिडकीवरच्या बाईंना म्हटलं, काहीतरी चुकलंय. त्यांनी हसून स्क्रीन माझ्याकडे फिरवली. रोज एक तरी असा येतो म्हणे.

घरी येऊन स्प्रेडशीट केली. अर्धी मुद्दल फिटते १६६व्या हप्त्याला. म्हणजे १३ वर्षं १० महिने. उरलेलं अर्धं सहा वर्षांत. त्या रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्षाला एक हप्ता जादा सुरू केला. पहिल्या वर्षापासून केलं असतं तर २४० चे २०१ झाले असते.

मीच_ती

@आडवाटे, त्या बाईंनी स्क्रीन फिरवली हेच खूप. आमच्याकडे खिडकीच फिरवतात.

माझा अनुभव. बोनस मिळाला, तो सगळा कर्जात भरला. अर्जावर खाली बारीक अक्षरात दोन चौकोन होते, हप्ता कमी करा किंवा मुदत कमी करा. मी घाईत होते, मुलीला शाळेतून आणायचं होतं, दोन्ही कोरे सोडले. पुढच्या महिन्यात हप्ता थोडा कमी कापला गेला. मी खूश! वर्षभर खूश होते. मग भावाने विचारलं, संपणार कधी? बघितलं तर शेवटची तारीख तीच, एक दिवस इकडची तिकडे नाही. पैसे वाया गेले नाहीत, व्याज कमी झालंच, पण मला तारीख अलीकडे हवी होती ना. पुन्हा अर्ज, पुन्हा सही जुळत नाही, पुन्हा फोटो. चौकोन बघा बायांनो.

कुंपणावरची

अगदी अगदी!! माझंही हेच. आणि सही जुळत नाही हे तर काय. लग्नाआधीची सही, नंतरची सही, बोट कापलं होतं तेव्हाची सही.

खवचट_खार

बोट कापलं होतं तेव्हाची ☺ ती बँकेत चालली का?

कुंपणावरची

चालली की. तीच एकमेव चालली.

रातराणी७७

फसलेले चालतील म्हणालात म्हणून लिहिते.

आम्ही दोघांनी ठरवलं होतं, चाळिशीच्या आत घर मोकळं. हाती येईल ते कर्जात. ठेव मोडली, सोनं मोडलं, बारा वर्षांचं काम साडेसहा वर्षांत केलं. शेवटचा चेक दिला तेव्हा खात्यात दीड महिन्याचा खर्च उरला होता. आणि आम्हाला त्याचा अभिमान!

चौथ्या महिन्यात ह्यांची नोकरी गेली. घर आमचं, पूर्ण आमचं, पण भिंतीतून पैसे काढता येत नाहीत. घरावर पुन्हा कर्ज मागितलं तर पहिला प्रश्न, उत्पन्नाचा दाखला? तोच तर नव्हता. शेवटी वैयक्तिक कर्ज काढलं, गृहकर्जाच्या जवळपास दुप्पट दराने. स्वस्त कर्ज घाईने फेडून महाग कर्ज घेतलं. दिरांकडूनही घेतले, ते फेडले, पण ते बोलणं अजून फिटलेलं नाही.

आता ठीक आहे सगळं. पण कुणी विचारलं तर मी आधी विचारते, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का? नसेल तर फुली नंतर मारा.

निळी_शाई

रातराणी, लिहिलंत म्हणून आभार. आमच्या अबोल्याचं कारण जवळपास हेच होतं.

टिंबटिंब

रातराणी 🙏

पाचवा_मजला

अमेरिकेतून लिहितोय. इथे ३० वर्षांचं, स्थिर दराचं कर्ज सर्रास. माझं २०२१ मधलं, ३ टक्क्यांच्या आतलं. नंतर साध्या ठेवीवरही त्याहून जास्त मिळायला लागलं, मग लवकर फेडायचं कशाला? मी नाही फेडत. बायको म्हणते फेड. दर रविवारी ह्यावर बैठक होते, ठराव होत नाही.

आधीच्या घराचं मात्र फेडत होतो, त्याची गंमत. दर दोन आठवड्यांनी अर्धा हप्ता भरायचा अशी योजना कळली. वर्षात ५२ आठवडे, म्हणजे २६ अर्धे, म्हणजे १३ हप्ते. न कळत एक जादा. एका मध्यस्थ कंपनीने हे जमवून देतो म्हणून फी घेतली. दीड वर्षाने लक्षात आलं, ते अर्धे हप्ते स्वतःकडे ठेवायचे आणि महिन्याला एकदाच बँकेकडे पाठवायचे. तेरावा तेवढा वर्षाअखेरीस जायचा. मीच हप्त्याचा बारावा भाग दर महिन्याला वर भरला असता तर फुकटात, आणि थोडं जास्तच काम झालं असतं.

अजून एक. जादा पैसे पाठवताना 'मुद्दलात जमा करा' असं स्पष्ट नोंदवा. माझे दोनदा 'पुढचा हप्ता आगाऊ' म्हणून धरले होते. पुढच्या महिन्यात हप्ता शून्य दिसला तेव्हा ट्यूब पेटली.

वाळवी

जर्मनीत तर जादा भरायलाही परवानगी लागते. करारात लिहिलेलं असतं, वर्षाला मूळ कर्जाच्या अमुक टक्के जादा भरू शकता. आमच्या करारात ५. त्याहून जास्त भरलं तर बँकेचं बुडालेलं व्याज तुम्ही भरून द्यायचं. फक्त पूर्ण कर्ज हातात पडून १० वर्षं झाली की सहा महिन्यांची नोटीस देऊन दंडाशिवाय मोकळं होता येतं, मग करार १५ वर्षांचा असो की २० चा. नवरा कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती गोल करून बसलाय. लग्नाच्या वाढदिवसाला कधी केला नाही.

खवचट_खार

वाळवी हे नाव आणि विषय घर. व्वा.

उंटावरचा_शहाणा

भारतातल्यांसाठी. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बंद केलाय. अजूनही कुणी चार्ज सांगितला तर आधी आपला दर स्थिर आहे का बदलता ते विचारा.

माझी गोष्ट उलटीच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला, त्याबरोबर माझ्या कर्जाचा दरही. हप्ता तेवढाच कापला जात होता म्हणून मी निवांत. एक दिवस सहज ॲप उघडलं तर शेवटची तारीख माझ्या निवृत्तीच्या पुढे! हप्ता न वाढवता मुदत ताणली होती. तीन वर्षं जादा भरून जे कमावलं होतं ते सगळं गेलं. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये नियम आला की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायचं. माझं त्याआधीच होऊन गेलं होतं. मग हट्टाने हप्ता वाढवून घेतला आणि गेल्या वर्षी संपवलं.

आणि 'कर वाचतो म्हणून कर्ज राहू द्या' म्हणणारे सीए मेहुणे सगळ्यांकडे असतात. नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. मेहुण्यांना सांगा.

मीच_ती

कागद परत मिळायला किती दिवस लागले? आमचे अडीच महिने लागले होते, तेही रोज फोन करून. मूळ खरेदीखत दुसऱ्या शहरातल्या गोदामात म्हणे. आलं तेव्हा पानं मोजायला बसवलं मला, आणि पान १४ नाही! माझ्याच पोटात गोळा. १३ च्या पाठीला चिकटलं होतं.

उंटावरचा_शहाणा

१८ दिवस. १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद द्यायचेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मी तर उशीर व्हावा म्हणून वाट बघत होतो.

पानं मोजणं बरोबरच. थकबाकी नसल्याचं पत्र घ्या, घरावरचा बोजा काढल्याची नोंद झाली का बघा, आणि महिन्याभराने क्रेडिट रिपोर्टमध्ये खातं बंद दिसतं का तेही. माझं दिसत नव्हतं.

आडवाटे

हे जपून ठेवतो. धन्यवाद उंटावरचे.

सांजसावली

मला जादा काही भरता येत नव्हतं, एकटीचा पगार. दर वर्षी पगार वाढला की हप्ता ५ टक्क्यांनी वाढवून घ्यायचे, बस. वीस वर्षांचं सव्वाबारा वर्षांत होतं असं गणित होतं, माझं साडेतेरात झालं. मधली दोन वर्षं आईच्या आजारपणात वाढवला नाही.

संपलं त्या दिवशी मेसेज आला, 'आपले कर्ज खाते बंद झाले आहे.' मी बसमध्ये उभी होते. शेजारच्या अनोळखी बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, फसवणुकीचा असेल, लिंकवर क्लिक करू नका.

टिंबटिंब

😂😂 सांजसावली, अभिनंदन. हे बेस्ट आहे.

कुंपणावरची

मला एक सांगा, हप्ता संपल्यावर ते पैसे जातात कुठे? आमचा संपून दोन वर्षं झाली. तेवढे दर महिन्याला शिल्लक पडायला हवेत ना? नाही पडत. कुठे खर्च होतात तेही सापडत नाही.

रातराणी७७

हप्त्याच्याच तारखेला दुसरीकडे वळवा, आपोआप कापले जातील असे. आम्ही तसंच केलं. दिसले की संपतात.

खवचट_खार

मूळ धाग्यातला तो भोकंवाला कागद! कडा फाडून त्यांच्या स्प्रिंगा करायचो आम्ही ऑफिसात. आणि त्या प्रिंटरचा आवाज. साहेब फोनवर असले की मुद्दाम लावायचो.

मीच_ती

निळी_शाई, अबोल्याचं राहिलं.

निळी_शाई

हो हो. शेवटची रक्कम हातात होती, माझ्या आजोळच्या जमिनीचा वाटा. तो म्हणाला, आता राहिलेल्या हप्त्यांत व्याज थोडंच आहे, काट आखूड झालेत, हे पैसे गुंतवू. त्याचं म्हणणं मला तेव्हाही कळत होतं. पण मला त्या कागदाचा कंटाळा आला होता. दर महिन्याच्या ५ तारखेला पेन्सिलीला टोक करणारा माणूस बघून बघून. सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढला (ते मात्र त्याने ऐकवलं), उरलेले भरले आणि तो घरी यायच्या आत फुली मारून ठेवली.

धागा त्याला वाचायला दिलाय. खातं उघडतोय म्हणे.

लाल_पेन्सिल

नमस्कार. फुली वाकडी आहे, पान सहावर खालच्या तीन ओळी सुटल्या आहेत. आणि तेव्हा गुंतवले असते तर आज किती झाले असते याची स्प्रेडशीट माझ्याकडे आहे, दर वर्षी अपडेट करतो.

आडवाटे

स्प्रेडशीट पाठवा की.

निळी_शाई

पाठवू नका.