'क्लोज टू द एज': नवख्याने आधी १९७२चं मिक्स ऐकावं की २०१३चं?

खर्जप्रेमी:
'क्लोज टू द एज' हा यस या ब्रिटिश रॉक बँडचा १९७२चा, पाचवा स्टुडिओ अल्बम. लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत रेकॉर्ड झाला, ध्वनिमुद्रक आणि सहनिर्माता एडी ऑफर्ड. तीनच रचना, पहिली साडेअठरा मिनिटांवर जाते आणि एल्पीची अख्खी बाजू व्यापते. २०१३मध्ये स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने मूळ मल्टिट्रॅक टेपांवरून (ज्यांत प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर असतं) तो पुन्हा मिक्स केला, म्हणजे त्या पट्ट्यांचे आवाज नव्याने एकत्र जुळवले. (रिमिक्स म्हटलं की आपल्याकडे जुन्या गाण्यावर चढवलेला ठेका आठवतो. हे तसं नाही, वादन तेच आहे.)

माझं मत: नवख्याने आधी २०१३चं ऐकावं. कारण बेस. बँडचा बेसवादक ख्रिस स्क्वायरच्या रिकनबॅकर बेस गिटारच्या दोन पिकअपचे (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागांचे) आवाज वेगळे काढलेले असत: मानेकडचा स्वच्छ, ब्रिजकडचा करकरीत. तो करकरीत भाग आणि कीबोर्डवादक रिक वेकमनचा हॅमंड ऑर्गन एकाच मधल्या पट्ट्यात येतात. जुन्या मिक्समध्ये त्यांचा गाळ होतो, नव्यात प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो.

फीतवाला:
साफ अमान्य. ती पहिली लांब रचना स्टुडिओत सलग वाजवलीच गेली नव्हती. थोडा भाग बसवायचा, रेकॉर्ड करायचा, फीत कापून पुढच्या तुकड्याला जोडायची, असं ते काम झालं. म्हणजे मिक्स हा इथे रचनेचाच भाग आहे. मिक्स करताना दिलेले रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) सहसा मल्टिट्रॅकवर नसतातच; नव्याने मिक्स करणाऱ्याला ते कानाने ताडून पुन्हा घडवावे लागतात. कितीही जीव ओतला तरी तो अंदाजच.

सहाव्या मिनिटाच्या आसपास, त्या रचनेचा 'टोटल मास रिटेन' हा भाग सुरू होताना, जोड कानाला लागतो: आवाजाचा पोतच एकदम बदलतो. तो धक्का मला हवा आहे. आणि ज्याला तुम्ही गाळ म्हणता, त्यातूनच चर्चमधला पाइप ऑर्गन उसळून वर येतो. तो सेंट जाइल्स क्रिपलगेटमध्ये वेगळा रेकॉर्ड केला होता. आधीचं सगळं चकचकीत केलं तर त्या ऑर्गनचं मोठेपण कमी होतं.

सुईटोक:
दोघेही आवाजाची पातळी न जुळवता बोलताय. अर्धा-एक डेसिबलने मोठं असलेलं मिक्स कानाला 'जास्त स्पष्ट' वाटतं, आणि निम्मे वाद तिथेच जन्मतात. २०१३च्या ब्लू-रे आवृत्तीत नवं मिक्स आणि मूळ मिक्सची प्रक्रिया न केलेली प्रत, दोन्ही आहेत. दोन्हींतली तीच ३० सेकंदं घ्या, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये सरासरी पातळी मोजा, मोठ्याचा आवाज तेवढा उतरवा. मग दुसऱ्या कुणाला अदलाबदल करायला सांगा. सुरुवातीचे पक्षी आणि पाणी यावर निकाल देऊ नका. दाट वाजणारा भाग निवडा.

एल्पीवरून जुन्या मिक्सला नावं ठेवणाऱ्यांसाठी: ३३⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी वेगाने सरकते, अगदी आतल्या कडेला जेमतेम २१. पहिल्या रचनेच्या 'सीझन्स ऑफ मॅन' या शेवटच्या भागाचा कळस आतल्या बाजूला येतो, त्यामुळे गाण्यातले 'स' चरचरतात. तो दोष मिक्सचा नाही. कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) कोन प्रोट्रॅक्टर या मोजपट्टीवर तपासा. गोल टोकाची सुई असेल तर आधी ती बदला.

खर्जप्रेमी:
पातळीचा मुद्दा मान्य. पण पातळी जुळवूनही 'सायबेरियन खात्रू' या शेवटच्या रचनेतला बेस नव्यात मोकळा आहे. अंधुक ऐकू येणं म्हणजे भव्यता नव्हे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कोण काय वाजवतंय हे कळलं, तर तो दुसऱ्यांदा ऐकेल.

फीतवाला:
मग ड्रमवादक बिल ब्रूफर्डचा स्नेअर ड्रम ऐका. हा अल्बम संपवून तो किंग क्रिमझन या बँडमध्ये गेला, दौऱ्यावर त्याच्या जागी ॲलन व्हाइट आला. बँडच्या या पाच जणांचा त्या दशकातला हा शेवटचा स्टुडिओ अल्बम. जुन्या मिक्समध्ये तो स्नेअर कोरडा, टणक, बेसला चिकटून वाजतो. नव्यात त्याच्याभोवती हवा आहे, आणि ती हवा १९७२च्या निर्णयात नव्हती.