खानावळीसाठी ‘कोविड कर्ज’ आणखी घ्यावे की आहे तेच लांबवून घ्यावे?

खानावळचालक, भुसावळ
११ जुलै २०२१

सप्रेम नमस्कार. भुसावळ रेल्वे स्थानकापासून पायी पाच मिनिटांवर आमची खानावळ आहे. वडिलांनी ती १९९४ साली सुरू केली. गाडी बदलण्यासाठी उतरलेले प्रवासी, रेल्वेचे कर्मचारी आणि दीपनगरच्या वीज केंद्रात कंत्राटावर काम करणारी एकटी राहणारी मुले हे आमचे गिऱ्हाईक. शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि हिवाळ्यात भरीत, एवढ्यावर सहा माणसांचे पगार निघून घर चालत होते. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या आणि त्याच दिवशी आमची चूलही थांबली. ऑक्टोबरमध्ये निम्म्या क्षमतेने बसवून जेवण देण्याची परवानगी मिळाली, जरा सावरतो तोच यंदाच्या एप्रिलपासून पुन्हा केवळ पार्सल सुरू झाले आणि आखाजीचा (अक्षय तृतीयेचा) सण बंद शटरआड गेला. सध्या चार वाजता बसवून जेवण देणे थांबवावे लागते, म्हणजे खानावळीचा खरा धंदा ज्या रात्रीच्या जेवणावर चालतो तेच जेवण हातातून गेले आहे. सहापैकी तीन माणसे गावी परतली.

आता हिशेब सांगतो. २९ फेब्रुवारी २०२० रोजी बँकेच्या सी.सी. (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलायच्या कर्जाच्या) खात्यावर ४,२०,००० रुपये आणि फ्रीज व भट्टीसाठी घेतलेल्या मुदत कर्जाचे १,८०,००० रुपये बाकी होते. गेल्या वर्षी सहा महिन्यांची हप्तेस्थगिती घेतली. ऑगस्ट २०२० मध्ये बँकेनेच फोन करून १,२०,००० रुपयांचे ‘कोविड कर्ज’ दिले, त्याचे आतापर्यंत फक्त व्याज भरतो आहे आणि पुढच्या महिन्यापासून पूर्ण हप्ता सुरू होईल. याशिवाय पत्नीचे दागिने ठेवून एका पतसंस्थेतून दीड लाख रुपये घेतले आहेत. तेथे हप्तेस्थगिती मागितली असता ‘तुमची घोषणा आम्हाला लागू नाही’ असे उत्तर मिळाले. एका कंत्राटदाराकडे डब्यांचे ६८,००० रुपये अडकले आहेत.

दूरचित्रवाणीवर २८ जूनला अर्थमंत्र्यांनी पुन्हा मोठे आकडे सांगितले. त्यातले माझ्या वाट्याला नेमके काय येते, बँकेत कोणत्या शब्दांत मागावे आणि मुळात आणखी मागावे की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शाखेत विचारले तर ‘खानावळीसाठी तशी योजना नाही’ एवढेच सांगून परत पाठवले.

हिशेबनीस, जळगाव
११ जुलै २०२१

भाऊ, तुम्ही आकडे तारखांसह दिलेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येते.

सर्वप्रथम एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ व्यापाऱ्यांचा घोटाळा येथेच होतो. तुमचे ‘कोविड कर्ज’ ज्या योजनेतले आहे त्या ‘ईसीएलजीएस’साठी (आपत्कालीन कर्ज हमी योजना) केंद्राने मे २०२० मध्ये जाहीर केलेले तीन लाख कोटी आणि आता वाढवून केलेले साडेचार लाख कोटी ही सरकारने वाटलेली रक्कम नव्हे. ती हमी आहे, आणि हमी तुम्हाला नाही, बँकेला आहे. तुम्ही फेडू शकला नाहीत तर बँकेचे नुकसान सरकारी हमी कंपनी भरून देते, तुमच्या डोक्यावरचे कर्ज मात्र कर्जच राहते. ज्यांचे बँकेत आधीपासून कर्जखाते होते त्यांनाच ही योजना लागू होते, कारण सारे गणित २९ फेब्रुवारी २०२० च्या बाकीवर बसवले आहे. ज्या माणसाने आयुष्यभर कर्ज न काढता धंदा केला, त्याला या योजनेत दारच ठेवलेले नाही. या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते.

तुमची त्या दिवशीची बाकी ६,००,००० होती, तिचे २० टक्के म्हणजे १,२०,००० तुम्हाला मिळाले. बँकांसाठी त्यावरील व्याजाची मर्यादा ९.२५ टक्के आहे. प्रक्रिया शुल्क घ्यायचे नाही, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, नवे तारण मागायचे नाही. मूळ मुदत चार वर्षांची असून पहिले वर्ष केवळ व्याज आणि पुढे ३६ हप्ते. म्हणून आतापर्यंत तुम्ही महिन्याला ९२५ रुपयांच्या आसपास भरत होता आणि आता हप्ता सुमारे ३,८३० रुपये होईल.

शाखेत तुम्हाला जे सांगितले ते चुकीचे आहे. ३१ मार्च २०२१ रोजी याच योजनेचा तिसरा भाग आला, तो आदरातिथ्य, प्रवास, पर्यटन आणि मनोरंजन या क्षेत्रांसाठीच आहे आणि उपाहारगृहे त्यात येतात. आधीचे २० टक्के धरून एकूण ४० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. तुमच्या बाबतीत आणखी १,२०,०००. मुदत सहा वर्षे, पहिली दोन वर्षे केवळ व्याज. अट अशी की २९ फेब्रुवारी २०२० रोजी हप्ता ६० दिवसांहून अधिक थकलेला नसावा. तोंडी विचारण्याऐवजी ‘ईसीएलजीएस ३.० अंतर्गत अतिरिक्त कर्जाबाबत’ असा विषय लिहून अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी. मंजुरीची मुदत सध्या ३० सप्टेंबरपर्यंत आहे.

परंतु माझ्या मते तुमच्यासाठी याहून महत्त्वाची वाट वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेने ५ मे २०२१ रोजी कर्जाच्या पुनर्रचनेची दुसरी संधी दिली. ३१ मार्च २०२१ रोजी खाते नियमित म्हणजे ‘स्टँडर्ड’ असेल आणि त्याची याआधी पुनर्रचना झालेली नसेल, तर परतफेडीची मुदत वाढवून मिळू शकते. उद्यम नोंदणी (केंद्राकडे होणारी लहान-मध्यम उद्योगांची नोंदणी) असलेल्यांसाठी एक आणि इतर लहान व्यावसायिकांसाठी दुसरे, अशी दोन परिपत्रके त्याच दिवशी निघाली, म्हणून नोंदणी नाही एवढ्या कारणावरून तुम्हाला कोणी नाकारू नये. या पुनर्रचनेस जो पात्र आहे, त्याच्या जुन्या कोविड कर्जाची मुदतही चारऐवजी पाच वर्षे करता येते, म्हणजे ३,८३० चा हप्ता ऑगस्ट २०२१ ऐवजी ऑगस्ट २०२२ पासून सुरू होईल.

येथे ३१ मार्च ही तारीख कळीची आहे, ती का ते सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ३ सप्टेंबर २०२० रोजी अंतरिम आदेश दिला होता की ३१ ऑगस्टपर्यंत जी खाती थकीत ठरलेली नव्हती, ती पुढील आदेशापर्यंत थकीत ठरवू नयेत. २३ मार्च २०२१ च्या निकालाने तो आदेश उठला. त्या सात महिन्यांत हप्ते न भरताही खाते सुरक्षित आहे अशा समजुतीत अनेक जण राहिले आणि आदेश उठताच, हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते थकीत, हा नियम पुन्हा लागू झाला. तुमचे सी.सी. आणि मुदत कर्ज त्या दिवशी कोणत्या वर्गात होते, हे आधी बँकेकडून लेखी घ्या.

हप्तेस्थगितीविषयीही दोन शब्द. ती माफी नव्हती. पाच लाखांच्या कर्जावर ११ टक्के दराने सहा महिन्यांचे सुमारे २८,१०० रुपये व्याज मुदलात मिळवले गेले. दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये जो परतावा दिला तो चक्रवाढ आणि सरळ व्याजातील फरक होता, म्हणजे या उदाहरणात जेमतेम ६४० रुपये. तुमच्या खात्यावर तो जमा झाला की नाही, हे पासबुकात तपासावे.

पतसंस्थेने दिलेले उत्तर कडवट असले तरी नियमाला धरून आहे. रिझर्व्ह बँकेचे २७ मार्च २०२० चे परिपत्रक बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांसाठी होते. पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली येतात, त्यामुळे तेथे संचालक मंडळाशी बोलूनच काही जमले तर जमेल. आपल्या जिल्ह्यात लहान माणसाचे निम्मे कर्ज पतसंस्थेतच असते, आणि ही एवढी मोठी बाब कोणत्याही घोषणेत आली नाही.

कचोरीची गाडी, चोपडा
१२ जुलै २०२१

वरील सविस्तर उत्तर वाचले. येथे गाडीवाले आणि पथारीवालेही वाचत असतील, म्हणून माझा अनुभव लिहिते.

आमच्यासाठी १ जून २०२० पासून पंतप्रधान स्वनिधी योजना आहे. २४ मार्च २०२० रोजी किंवा त्याआधी जो शहरात विक्री करत होता त्याला वर्षभरासाठी १०,००० रुपये विनातारण मिळतात. माझे नाव नगरपालिकेच्या फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणात नव्हते, कारण ते झाले तेव्हा मी बाळंतपणासाठी माहेरी होते. अशा वेळी नगरपालिकेचे शिफारसपत्र चालते, हे मला एका भाजीवाल्या मावशींनी सांगितले, कार्यालयात कोणी सांगितले नाही. तीन फेऱ्या झाल्या, पण पत्र मिळाले. वेळेवर हप्ते भरल्यास ७ टक्के व्याज सरकार खात्यावर परत जमा करते, आणि ग्राहकांनी मोबाईलवरून पैसे दिल्यास वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत वेगळे मिळतात. मी तेल आणि मैदा एकदम घेतला, त्यामुळे रोजच्या उधारीवरचा जास्तीचा भाव वाचला.

एप्रिलमध्ये राज्य शासनाने नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५०० रुपये जाहीर केले. ते कर्ज नव्हते, सरळ मदत होती. रक्कम लहान असली तरी ती फेडायची नव्हती, हे महत्त्वाचे. भाऊ, तुमच्याकडून गावी परतलेल्या माणसांपैकी कोणी स्वतःची गाडी लावत असेल तर त्याला हे अवश्य सांगा.

दालमिल, जळगाव औद्योगिक वसाहत
१२ जुलै २०२१

हिशेबनीस साहेबांशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र अतिरिक्त १,२०,००० बाबत माझे मत थोडे कठोर आहे. जून २०२० मध्ये बँकेचा संदेश आला आणि मंजूर झालेच आहे म्हणून मी पूर्ण रक्कम उचलली. योजनेची रचनाच अशी होती की बँकेने देऊ करायचे आणि नको असल्यास आपण कळवायचे. तुरीची आवक आणि डाळीची मागणी यांचा मेळ बसेपर्यंत त्यातली निम्मी रक्कम वापराविना पडून राहिली आणि व्याज चालू राहिले. धंदा पूर्ववत होण्याची तारीख दिसत नसताना घेतलेले खेळते भांडवल हळूहळू घरखर्चात जाते, हे मी माझ्या भावाच्या बाबतीतही पाहिले आहे. तुमची रात्रीची जेवणे सुरू होईपर्यंत मोठी रक्कम उचलू नये.

मला खरा आधार झाला तो भविष्य निर्वाह निधीचा. शंभरपर्यंत कामगार आणि त्यांतील ९० टक्क्यांचे वेतन १५,००० च्या आत असेल तर मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचा मालकाचा आणि कामगाराचा मिळून २४ टक्के हिस्सा सरकारने भरला. तो परत द्यायचा नव्हता. खानावळीला तो लागू झाला नसेल, पण पुढे माणसे वाढवून नोंदणी करणाऱ्यांसाठी निधीचा हिस्सा भरणाऱ्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेची मुदत आता ३१ मार्च २०२२ पर्यंत वाढली आहे.

अडकलेल्या ६८,००० रुपयांविषयी: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे देणे ४५ दिवसांच्या आत द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते आणि ‘समाधान’ संकेतस्थळावर तक्रार करता येते. मात्र हे संरक्षण नोंदणीनंतर पुरवलेल्या मालाला आणि सेवेला मिळते. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर विनामूल्य होते. त्यासाठी पाचशे-हजार मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

खानावळचालक, भुसावळ
१९ जुलै २०२१

सर्वांचे मनापासून आभार. उद्यम नोंदणी त्याच संध्याकाळी केली, वीस मिनिटे लागली. बँकेत लेखी अर्ज दिल्यावर सूर बदलला. शाखाधिकाऱ्यांनी खाते उघडून दाखवले: ३१ मार्च रोजी मुदत कर्जाचा हप्ता ५८ दिवस थकलेला होता, म्हणजे खाते अजून नियमित वर्गातच होते. एक हप्ता मी फेब्रुवारीत पत्नीच्या आग्रहाने भरला होता, नाहीतर ही संधी गेली असती. परताव्याचे पैसेही नोव्हेंबरमध्ये जमा झालेले दिसले, मी ते व्याजाची दुरुस्ती समजलो होतो.

पुनर्रचनेचा अर्ज दिला आहे. अतिरिक्त कर्जाचा अर्ज १,२०,००० ऐवजी ५०,००० चा केला. एकच शंका उरते. पतसंस्थेचा दर १४ टक्के आहे आणि हे कर्ज ९.२५ टक्क्यांनी मिळणार. त्यातून दागिने सोडवून घेतले तर चालेल का?

हिशेबनीस, जळगाव
१९ जुलै २०२१

थेट तसे करू नये. हे कर्ज धंदा चालवण्याच्या खर्चासाठी दिले जाते, ते दुसऱ्या संस्थेच्या कर्जफेडीसाठी वळवल्याचे उताऱ्यावर दिसले तर पुढे तुम्हालाच उत्तर द्यावे लागेल. त्या ५०,००० मधून किराणा, गॅस आणि पगार भागवा. त्यामुळे गल्ल्यात जी रोकड सुटी राहील ती पतसंस्थेत भरा आणि अर्धे दागिने आधी मोकळे करून देण्याविषयी तेथे बोला. काही संस्था तसे करतात. पन्नास हजारांवर पहिली दोन वर्षे महिन्याला सुमारे ३८५ रुपये व्याज पडेल.

आणि विवरणपत्रे राहिली असतील तर वस्तू व सेवा कराच्या विलंब शुल्काची सवलत ३१ ऑगस्टपर्यंतच आहे. जुलै २०१७ ते एप्रिल २०२१ या काळातील प्रलंबित ३-बी विवरणपत्रांना (नियमित करदात्याने विक्री आणि कर यांचा गोषवारा देण्याचे विवरणपत्र) प्रत्येकी कमाल १,००० रुपये आणि करदेय शून्य असल्यास ५०० रुपये लागतील. तुम्ही नियमित करदाते आहात की कंपोझिशनमध्ये (लहान व्यावसायिकांसाठीची उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची योजना), ते कळवा. कंपोझिशनमध्ये असाल तर हे ३-बी तुम्हाला लागू नाही.